प्रश्न सांगा, ससा न्या

विंचूरकर मॅडम माणसाची ओळख त्याच्या हिरड्यांपासून करून घ्यायच्या. नाव, गाव, शिक्षण हे सगळं नंतर. समोर उभं करायचं, तोंड उजेडाकडे वळवायचं, अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा आणि “ठीक” म्हणून सोडून द्यायचं. रोज सकाळी सगळ्या सशांच्या हिरड्या त्या अशाच बघायच्या. फरक इतकाच, की सशांना अहोजाहो असायचं. “अहो, जरा तोंड दाखवता का? किती आढेवेढे!” आणि माणसाला, मग तो केमिस्ट असो की केमिस्टचा साहेब, सरळ “ए, इकडे हो.”

परवा आमच्या कारखान्याचा वर्धापनदिन झाला. मांडव, हार, लाऊडस्पीकर. रंगीत पत्रिका वाटली. तिच्यात जुन्या माणसांचे फोटो होते, पहिल्या बॉयलरचा होता, गेटवरच्या गणपतीचासुद्धा होता. ‘कामगारांच्या आरोग्याची काळजी आम्ही पहिल्यापासून घेत आलो’ असं एक अख्खं पान, आणि त्या पानावर तेव्हाचे मॅनेजर सबनीस साहेब हसताहेत. मॅडमचं नाव कुठंच नाही. पत्रिका पुढून मागे बघितली, मागून पुढे बघितली. असा संताप आला की हातातला पेढा तसाच खुर्चीवर ठेवून मी घरी आले. माझी शाळा सातवीत सुटली. लिहिणं म्हणजे माहेरच्या पत्रापुरतं. पण ज्यांना लिहिता येतं त्यांनी नाव गाळलं, तर ज्याला येत नाही त्यानंच लिहायला नको का? चुकीचं काही लिहिलं तर मॅडम खेकसतील, ही धास्ती आजही आहेच.

आम्ही शिरपूरकडचे. लग्नानंतर हे सिल्वाशाला एका औषधाच्या कारखान्यात लागले, गोळ्यांच्या खात्यात, मशीनवर. खडोलीला एक खोली घेतली. मला तिथं कोणी ओळखीचं नाही. शेजारीण वारली समाजाची, समोरची बिहारची, दुकानदार गुजराती बोलणारा. मला पहिल्यापासून सगळ्याचीच भीती; भोंगा वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. अशात कळलं, कारखान्याच्या मागच्या बाजूला ससे ठेवतात आणि पिंजरे धुवायला बाई पाहिजे. मी गेले. पांढरी सुती साडी वर खोचलेली, पायात काळे गमबूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, अशी एक ठेंगणी बाई पाण्याच्या गरम बाटलीवर तळहात चोळत उभी होती. थंड हातानं ससा उचलायचा नाही, हा तिचा नेम.

आधी हिरड्या बघितल्या. मग विचारलं, “सशाला भितेस?”

“नाही.”

“ससा तुला भितो?”

“ते माहीत नाही बाई.”

“शाब्बास! माहीत नसलं की माहीत नाही म्हणायचं. वरच्या मजल्यावर एकाला हे जमत नाही. उद्यापासून ये. आणि बाई नाही, मॅडम.”

त्या मूळच्या नाशिकच्या, जनावरांच्या डॉक्टर. लग्न केलेलं नव्हतं. सगळे त्यांना मागून ‘विंचू’ म्हणायचे, गेटवरचा वॉचमन त्या दिसल्या की बिडी विझवायचा, “विंछीबेन आव्यां!” त्यांना हे ठाऊक होतं. म्हणायच्या, “विंचू कुणाच्या घरी डसायला जात नाही. अंगावर पाय देणाऱ्यालाच डसतो. मग लोक विंचवाला नावं ठेवतात, पायाला नाही.”

आमच्या सशांचं काम असं. कारखान्यात इंजेक्शनं तयार झाली की त्यातलं थोडं सशाच्या कानाच्या शिरेत द्यायचं आणि त्याला ताप चढतो का बघायचं. ताप आला तर माल नापास. हे मॅडमना मान्य होतं. “इथं प्रश्न साधा आहे आणि ससा खरं उत्तर देतो,” म्हणायच्या. पण त्यापलीकडे कोणी ससा मागायला आलं, की दारातच अडवायचं. खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेलं असायचं: प्रश्न सांगा, ससा न्या.

एकदा पुण्याचा एक नवा केमिस्ट आला. केसांना तेल, खिशाला तीन पेनं. “मॅडम, चार ससे हवेत. मलम लावून बघायचंय.”

“प्रश्न काय?”

“वरून सांगितलंय.”

“तो प्रश्न नाही, निरोप आहे. प्रश्न सांग.”

तो घुटमळला. “म्हणजे… मलम कसं आहे ते बघायचं.”

“कसं म्हणजे? कातडी लाल होते का? फोड येतात? कोणाच्या कातडीला? तुझ्या की सशाच्या? जा, जिन्यावर बस, विचार कर, एका वाक्यात घेऊन ये. सशानं तुझ्यासाठी पाठ भादरून घ्यायची आणि तू त्याला काय विचारायचं तेसुद्धा ठरवायचं नाही?”

बिचारा खरंच जिन्यावर जाऊन बसला. दुपारी वाक्य घेऊन आला, तेव्हा त्याला ससेही मिळाले आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणीही. पण पहिल्या खेपेला निरोप घेऊन येणारे वर खूप होते. आणि निरोप्याला परत पाठवलं की निरोप देणारा दुखावतो.

आता यांची गोष्ट. हे दुपारच्या सुट्टीत भाकर घेऊन आमच्या शेडखाली यायचे. मॅडम यांना नावानंच हाक मारायच्या, “ए भटू.” पाऊस सरता सरता हिवतापाचे दिवस आले की यांच्या खात्यात कोयनेलच्या गोळ्या निघायच्या. हिवतापावरची ती जुनी कडू गोळी. साहेब लोक क्विनीन म्हणतात, आमच्याकडे सगळे कोयनेलच म्हणतात. मशीनभोवती पांढरी धूळ. नाकाला बांधायला फडकं मिळायचं तेही साखरेच्या पोत्याचं. हात कितीही धुवा, बोटांच्या पेरांत ती भुकटी राहायचीच. हे पहिला घास तोंडात घालून तोंड वाकडं करायचे, “आज भाकर कडू लागी ऱ्हायनी वं.” मी म्हणायचे, “माझ्या हाताला नावं ठेवू नका, स्वतःची बोटं चाटून बघा.” आणि आम्ही हसायचो.

असेच हे हसले एकदा, आणि मॅडम जागच्या उठल्या. दातांच्या कडेनं रक्त होतं.

“ए भटू, इकडे हो.” अंगठा, ओठ, उजेड. ‘ठीक’ नाही म्हणाल्या. “पँट वर कर.” नडग्यांवर बारीक लाल ठिपके, जसे कोणी टाचणीनं टोचलेत. आम्ही समजत होतो, मच्छर. “हे असं मागेही झालं होतं?”

“होतं कधी मधी,” हे म्हणाले. “जातं आपोआप. माले काय नई व्हत.”

“कधी होतं?”

यांना सांगता येईना. मीच बोलले, तेही नुसतं बोलायचं म्हणून, “भाकर कडू लागते ना मॅडम, त्याच दिवसांत यांची तक्रार असते.”

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, गेली नोकरी. मग त्या खुर्चीत बसल्या आणि खूप हळू आवाजात यांना विचारलं, “लहानपणी कोयनेल घेतलं होतंस कधी?” घेतलं होतं. गावी मोठा हिवताप आला होता तेव्हा. आमच्याकडे कोणी घेतलं नव्हतं?

त्या दिवशी यांच्या नाकातून रक्त सुरू झालं ते लवकर थांबेना. कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, “पितो?”

पीत होते. रविवारी, मित्रांबरोबर. खोटं कशाला सांगू? गुजरातेत बंदी आणि आमच्या सिल्वाशाला कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान. इथल्या कामगाराला कसलाही रोग होवो, लावायला ते कारण तयारच असतं. डॉक्टरांनी लिहून टाकलं, दारूमुळे लिव्हर खराब, म्हणून रक्त. सुपरवायझरनं कागद वाचला आणि यांना सांगितलं, “बरा झालास की मशीनवर ये. नाहीतर राजीनामा लिही. दारुड्यांसाठी इथं खुर्च्या मांडलेल्या नाहीत.”

परत त्याच धुळीत गेले तर पुढचं रक्त नाकातून येईल की डोक्यात फुटेल हे कोणी सांगावं. आणि राजीनामा दिला तर आम्ही कुठं जायचं? मी पिंजरे धूत होते आणि पाण्याबरोबर डोळेही वाहत होते. मॅडम आल्या. मला वाटलं, समजूत घालतील. तर त्या माझ्यावरच तापल्या. “रडतेस काय? चीड! दारू काय खात्यात कुठली गोळी निघतेय ते बघून लिव्हर खराब करते? वर्षभर रविवारी पितो आणि रक्त कोयनेलच्या दिवसांतच येतं? एवढंसुद्धा त्या डॉक्टरला विचारावंसं वाटलं नाही?”

मग बादली उलटी घालून तिच्यावर बसल्या आणि मला समजावलं. त्या रागावल्या की फार सोपं बोलायच्या. “रक्तात गवंडी असतात. प्लेटलेट म्हणतात त्यांना. शिरेला कुठं भोक पडलं की धावत जाऊन बुजवतात. आणि रक्तात पहारेकरीही असतात, चोर दिसला की मारायचा, एवढंच काम. तुझ्या नवऱ्याचे पहारेकरी मागच्या तापात कोयनेलशी भांडून बसलेत. एरवी गप्प. पण कोयनेल आत आलं आणि गवंड्यांच्या अंगाला चिकटलं, की त्यांना आपलाच गवंडी चोर दिसतो. मारत सुटतात. गवंडी संपले की जिथं भोक तिथून रक्त. कोयनेल थांबव, थोड्या दिवसांत नवे गवंडी येतात. म्हणून ‘जातं आपोआप’.”

“सगळ्यांनाच असं होतं?”

“क्वचित एखाद्याला. म्हणून तर सगळे म्हणणार, बाकीच्यांना कसं होत नाही.”

झालंही तसंच. मॅडम वर गेल्या. सबनीस साहेब आमचे मॅनेजर, मुंबईचे, बोलायला एकदम गोड. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, कोयनेल आपण सशांना देऊन बघू. सशाला रक्त आलं तर मी मानतो.”

त्या तशाच खाली आल्या. माझ्या देखत त्यांनी गमबूट काढून भिंतीवर मारला. कारण हाच प्रश्न घेऊन त्यांची तरुणपणाची वर्षं गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मुंबईला शिकताना त्यांच्या गुरूंनी त्यांना काम दिलं होतं: औषधानं माणसाच्या प्लेटलेट मरतात, तसाच आजार सशात तयार करून दाखवायचा. एकदा तसा ससा तयार झाला की मग त्याच्यावर उपाय शोधता येतील. कल्पना वाईट नव्हती, मॅडम सांगायच्या. त्यांनी सशांना औषध दिलं, ससे गवत खात बसले. पुन्हा दिलं, आणखी गवत खाल्लं. आजारी माणसाच्या रक्तातलं पाणी सशाला टोचलं. माणसाच्या पहारेकऱ्यानं सशाचा गवंडी ओळखलाच नाही. माणसाचे गवंडी सशात घालून बघितले. सशाच्या शरीरानं परके म्हणून ते तेव्हाच मारून टाकले.

“मग गुरुजी म्हणाले, डोस वाढव. वाढवला. ससे मेले. त्यांना फिट्स आल्या, हृदय थांबलं. आत उघडून बघितलं, कुठंतरी रक्त सांडलेलं असतंच. गुरुजी खूश! म्हणाले, लिही, आजार तयार झाला. मी म्हटलं, सर, हे विषानं मेले. गवंड्यांच्या खुनानं नाही. दोन वेगळी मरणं आहेत. ते म्हणाले, मेलं ते मेलं. मी माझं नाव काढून घेतलं. माझी पुढची डिग्री तिथंच राहिली.” मग तो गमबूट उचलून पुन्हा पायात घालत म्हणाल्या, “सशाला उत्तर माहीत नाही असा प्रश्न त्याला विचारायचा, आणि तो गप्प बसला की म्हणायचं सगळं ठीक आहे. यापेक्षा मोठी लबाडी नाही बघ.”

यांच्या हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या, ठिपके गेले, तेव्हा मॅडमनी सबनीस साहेबांना आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना खाली बोलावलं. टेबलावर गरम पाण्याचं भांडं, अंगाला सोसेल इतकं कोमट. त्यांनी यांचं रक्त काढून काचेच्या दोन नळ्यांत घातलं. एकीत नुसतं मिठाचं पाणी, दुसरीत कोयनेलचा थेंब. एका सशाचं रक्त काढलं, त्यातही कोयनेल. मग सिरिंज घेऊन साहेबांकडे वळल्या. “बाही वर करा.”

“माझं कशाला?”

“तुम्ही निरोगी माणूस ना? की तुम्हीही पिता?”

डॉक्टर खोकल्यासारखे हसले. साहेबांनी बाही वर केली. त्यांच्याही रक्तात कोयनेल घालून नळी पाण्यात ठेवली. मॅडम म्हणाल्या, “रक्त गोठतं हे सगळ्यांना माहीत आहे. गोठल्यावर गवंडी त्या गोळ्याला आवळतात. गोळा आकसून काचेपासून सुटतो, भोवती पिवळं पाणी दिसतं. गवंडी मेले असतील तर आवळणार कोण?” आणि चहासुद्धा न विचारता सगळ्यांना बसवून ठेवलं. साहेब घड्याळ बघत होते. मी भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होते, आणि कोणत्या नळीसाठी घ्यावं तेही कळत नव्हतं.

मग त्यांनी एकेक नळी वर काढली. यांचं नुसतं रक्त: गोळा छान आवळलेला, भोवती पाणी. सशाचं: तसंच. साहेबांचं: तसंच. आणि यांच्या रक्ताची कोयनेलवाली नळी. गोळा काचेला जसाच्या तसा चिकटलेला, ढिला, ओल्या फडक्यासारखा. भोवती पाणी नावाला नाही. ते बघायला शिक्षण लागत नव्हतं, नुसते डोळे लागत होते.

“साहेबांचं रक्त ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “सशाचंही ठीक आहे. म्हणून साहेबांना आणि सशाला वाटतं, सगळ्यांचंच ठीक आहे.”

सबनीस साहेब उठले. बाही खाली केली, बटण लावलं. तेवढ्याच गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, काचेची नळी म्हणजे शरीर नव्हे. प्राण्यावर दाखवा, मग बोलू.” डॉक्टरही म्हणाले, “हो, प्राण्यावरच सिद्ध व्हायला पाहिजे.” आणि दोघं गेले. डोळ्यांनी बघून गेले हो! मी आजही तिथंच अडकते. न कळणाऱ्याला माफ करता येतं. या दोघांना कळलं होतं.

मॅडमनी लेबर ऑफिसला तक्रार दिली. लेबर ऑफिसर येणार असं कळताच वर धावपळ झाली. मॅडम वापीला गेल्या होत्या त्या दिवशी त्या पुण्याच्या केमिस्टला खाली पाठवून सशांना कोयनेलची इंजेक्शनं दिली. तो दारातल्या खडूच्या अक्षरांकडे बघेना. माझ्याकडेही बघेना. थोड्या डोसात ससे गवत खात राहिले. मोठ्या डोसात दोघं तडफडून गेले, त्यांना गोणीत भरून नेलं, आणि कागदावर फक्त गवत खाणारे आले. तो कागद मॅडमच्या टेबलावर सहीला ठेवला होता: हे औषध प्राण्यांवर तपासले असता पूर्ण सुरक्षित आढळले, सदर कामगाराच्या आजाराशी औषधाचा संबंध नाही.

मॅडम आल्या. रिकामे दोन पिंजरे बघितले. मी काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता गमबूट नाही, टेबल उडणार. तर काही नाही. शांतपणे खुर्चीत बसल्या, तो कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि इंग्रजीत काहीतरी लिहून सही ठोकली. खाली शिक्का.

लेबर ऑफिसर आले तेव्हा आम्हा दोघांनाही वर बोलावलं. गालिचा होता, म्हणून यांनी चपला हातात घेतल्या होत्या. साहेबांनी फाईल पुढं केली. ऑफिसर उत्तरेकडचे, जाड चष्म्याचे. वाचता वाचता थांबले. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं हिंदीत सांगितलं, “इसमें लिखा है, यह दवा खरगोशों के लिए सुरक्षित है। सभी खरगोश इसे निश्चिंत होकर लें।” चष्मा काढला. “और आदमी के लिए?”

  सबनीस साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. फाईल न वाचता पुढं केली होती त्यांनी.

“वो सवाल इन्होंने पूछा ही नहीं,” मॅडम म्हणाल्या. “मैंने पूछा था। चार नळियों में जवाब है। कहिए तो अभी दिखाती हूँ।”

ऑफिसरांनी सगळं बघितलं, यांनाही सगळं विचारलं. ते गेल्यावर त्याच संध्याकाळी हुकूम निघाला: भटूची बदली सशांच्या शेडला, गवत कापायला. वाचले हे! पण कारण काय लिहिलं? ‘कामगाराच्या स्वतःच्या विनंतीवरून.’ कोयनेल हा शब्द कुठंही नाही. गोळ्यांच्या पाकिटावर नाही, खात्याच्या भिंतीवर नाही. यांच्या जागी मशीनवर दुसरा माणूस उभा केला, नाकाला तेच साखरेच्या पोत्याचं फडकं.

यांना आधी कमीपणा वाटला. मशीन चालवणारा माणूस, विळा घेऊन लसूणघास कापायचा! मॅडम म्हणाल्या, “ए भटू, सशांना गवत घालणं हे या कारखान्यातलं सगळ्यात प्रामाणिक काम आहे. निदान ते काय खातात ते त्यांना कळतं.” आणि यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. कुठल्याही डॉक्टरपुढं बसलं की पहिलं हेच बोलायचं: मला कोयनेल चालत नाही, रक्त फुटतं. रोज येता जाता म्हणायला लावायच्या, पाढ्यासारखं.

त्यांना मात्र सुखानं राहू दिलं नाही. खुर्ची उचलून गोदामात नेली, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांत. सशांच्या कागदांवर सही करायला त्या पुण्याच्या पोराला बसवलं. त्या सुट्टीत शेडला यायच्या, बाटलीवर हात गरम करायच्या, “अहो, जरा तोंड दाखवता का,” म्हणत हिरड्या बघायच्या आणि परत गोदामात जायच्या. एवढी शिकलेली बाई, खोकी मोजत बसलेली, आणि साहेब जिन्यावर भेटले की गोड आवाजात विचारायचे, “कसं काय मॅडम, आराम ना?” शेवटी राजीनामा दिला.

आम्ही दोघं सिल्वाशाच्या स्टँडवर पोचवायला गेलो. ट्रंक वर चढवली.  गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडल्या, “ए भटू! कडू काही तोंडात घालू नकोस!”

नंतर पुष्कळ वर्षं गेली. आम्ही रांध्याला दोन खोल्या बांधल्या. पोरं मोठी झाली. आणि एका दुपारी फाटकात गमबूट नसलेल्या, केस पूर्ण पिकलेल्या मॅडम. वापीला कोणाच्या लग्नाला आल्या होत्या, विचारत विचारत आल्या. मला बघून म्हणाल्या, “वजन वाढलंय.” मी पायाच धरले. त्या म्हणाल्या, “उठ उठ, भूक लागलीय. लग्नातलं जेवण म्हणजे रंग. कुंपणावर कारली काय लटकलीत! भाजी कर.”

“ती शेजारच्यांची आहेत मॅडम. मागितली तर देतील. पण यांना चालत नाही ना.”

“काय चालत नाही?”

“कडू. तुम्हीच सांगून गेलात. त्या दिवसापासून कारलं नाही, मेथी नाही. पाडव्याला कडुनिंबाचं पान सगळे खातात, हे हात जोडून बाजूला बसतात. मॅडमनं सांगितलंय म्हणतात.”

 मग जो स्फोट झाला! “अरे गाढवा! मी कोयनेलबद्दल बोलत होते! कारल्यानं काय केलंय? मेथीनं काय केलंय? इतकी वर्षं?”

हे खाली मान घालून, पण ठामपणे म्हणाले, “तुम्ही कडू म्हणाल्या होत्या.”

मॅडम ओशाळल्या. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना असं. पदरानं चष्मा पुसत बसल्या. “म्हणाले होते मी,” त्या म्हणाल्या. “नाव नाही घेतलं. दुसऱ्यांना जन्मभर बोलले आणि मीच नीट सांगितलं नाही.” मग एकदम उठल्या. “निर्मला, कारली आण. आज हा माझ्यासमोर खाणार.”

शेजारणीनं ओंजळभर दिली. गूळ घालून भाजी केली. यांच्या हातातला घास तोंडाजवळ जाऊन परत येत होता. कपाळाला घाम. मॅडम समोर पाटावर बसल्या होत्या, गुडघ्यावर हात, डोळे यांच्या तोंडावर, जशा सशाला ताप चढतो का बघत बसायच्या. “खा. मी आहे इथं.” यांनी डोळे मिटून घास गिळला. मग दुसरा. मग आणखी मागितली.

जेवण झालं, पान झालं, ऊन उतरलं तरी त्या हलल्या नाहीत. वापीची गाडी चुकेल म्हणून मी दोनदा आठवण केली. शेवटी उठल्या, दोन्ही तळहात माझ्या चहाच्या गरम पातेल्याला लावून चोळले, आणि म्हणाल्या, “ए भटू, इकडे हो.” हे अंगणात उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. पिकल्या मिशांचा माणूस, पण मान अगदी तशी, सवयीच्या सशासारखी. अंगठा, ओठ. बराच वेळ बघितलं.

“ठीक,” मॅडम म्हणाल्या, आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

पोचवायला नको म्हणाल्या. आम्ही फाटकात उभे. रस्त्याच्या वळणापर्यंत ठेंगणी पांढरी आकृती गेली, तिथं वळली, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “कोयनेल! नाव घेऊन सांगतेय या वेळेला! कोयनेल!” दारादारांतून बायका डोकावल्या. कारखान्यानं जो शब्द कधी एका कागदावर येऊ दिला नाही, तो भर रस्त्यात पुन्हा पुन्हा ओरडत मॅडम वळणाआड गेल्या, आणि दिसेनाशा झाल्यावरही थोडा वेळ ऐकू येत राहिल्या.